अनुज्ञापत्रातला दीपस्तंभ

कार्यालयीन नोंदीप्रमाणे वर्णन असे: स्त्री, वय बावन्न, बांधा किरकोळ, चष्मा. पद: तांत्रिक साहाय्यक (हंगामी). हा हंगाम यंदा एकोणिसाव्या वर्षात आहे. कर्तव्ये: वरिष्ठ नेमून देतील ती. वर्तणूक: समाधानकारक, तथापि उलट बोलण्याकडे कल.

नोंदीत नाही ते असे की, सगळे तिला ताई म्हणतात आणि यंत्र अडलं की तिच्याच टेबलाशी येऊन उभे राहतात. तरुणपणी तिने छापखान्यात खिळे जुळवले. कुठलं अक्षर कुठल्या खणात, हे तिची बोटं अजून विसरलेली नाहीत.

हे कार्यालय नर्स, वायरमन, लिफ्ट दुरुस्त करणारे अशा लोकांना अनुज्ञापत्रं देतं. यंदा साहेबांच्या मनात आलं की कार्यालयाला स्वतःचं अक्षरवळण हवं. ते त्यांच्या जावयाने घडवलं. फॉन्टचं उद्घाटन झालं, फीतसुद्धा कापली. बाकीचे फॉन्ट परिपत्रक काढून संगणकांवरून हद्दपार झाले.

पंधरा दिवसांनी, गुरुवारी, एक नर्सबाई आपलं अनुज्ञापत्र घेऊन परत आली.

"दवाखान्यात म्हणाले, खोटं आहे. सोमवारी सात वाजता खरं आणलं नाही तर जागा यादीतल्या पुढच्या बाईला."

ताईने कागद पाहिला. मथळ्यात 'अनुज्' होतं, मग कार्यालयाचं बोधचिन्ह, म्हणजे दीपस्तंभ, मग एक पोरका काना आणि 'पत्र'. असे दोनशे कागद बाहेर गेले होते. इतरांना ती सजावट वाटली होती.

छपाईयंत्र बदललं, दीपस्तंभ तिथेच. संगणक बदलला, तरी तिथेच. मग तिने फॉन्टचा तक्ता उघडला. संगणकात प्रत्येक अक्षराला एक ठरलेला क्रमांक असतो, जसा खिळ्याला खण. 'ञ'च्या खणात दीपस्तंभ बसला होता. तिने जावयाला फोन लावला.

"एका कळीत बोधचिन्ह उमटावं, अशी साहेबांची इच्छा होती," जावई म्हणाला. "ञ एकटा कोण वापरतं, ताई? खण फुकट जात होता."

"ज्ञ आतून ज आणि ञचाच बनतो, जावईबापू."

"बघताना तर तसं वाटत नाही."

"बघताना तुम्हीही शिकलेले वाटता," असं ती म्हणाली नाही. तिने फोन ठेवला आणि मग ती म्हणाली.

दीपस्तंभाला खासगी चिन्हांसाठी राखलेल्या एका खणात हलवून, ञला त्याच्या घरी आणून, ज्ञ नीट वळवून घ्यायला तिला चाळीस मिनिटं लागली. हा दुरुस्त फॉन्ट सगळ्या संगणकांवर बसवायच्या परवानगीसाठी ती साहेबांकडे गेली.

"उद्घाटन झालेल्या फॉन्टला हात लावायचा नाही," साहेब म्हणाले. "शब्द बदला. परवाना म्हणा."

"कायद्यात अनुज्ञापत्र आहे, साहेब. दवाखाना तोच शब्द शोधतो."

"तुम्हाला प्रत्येक गोष्टीत खुसपट काढायची सवय आहे."

"सवय नाही, नोकरी आहे. बाहेर एक बाई बसलीय, तिची नोकरी जायची वेळ आलीय. लेखी द्या, की ज्ञ वापरायचा नाही. मी तो कागद तिच्या हातात देते, दवाखान्यात दाखवायला."

"देतो की. भितो काय कोणाला?"

साहेबांनी आदेश सांगितला, लेखनिकाने टंकला, छापून आणला. सुरुवात नेहमीचीच, 'साहेबांच्या आज्ञेवरून'. कागदावर 'आज्' उमटलं होतं, पुढे दीपस्तंभ, आणि त्याच्या डोक्यावर एक मात्रा. साहेबांनी सहीसाठी उघडलेलं पेन परत मिटलं. लेखनिकाला एकाएकी खोकला आला.

"हा वरच्या कार्यालयात जायला नको," साहेब शेवटी म्हणाले. "करा काय करायचं ते."

शुक्रवारी अकरा वाजता नर्सबाईला नवा कागद मिळाला. दुपारी परिपत्रक निघालं: फॉन्टची सुधारित आवृत्ती सादर करण्यात येत आहे, जावयांच्या कल्पकतेचे अभिनंदन. ते घेऊन आलेल्या शिपायाच्याच हाती ताईला ज्ञापन आलं: मान्यताप्राप्त अक्षरवळणात विनापरवानगी फेरफार केल्याबद्दल खुलासा सादर करावा. 'ज्ञापन' हा शब्द त्यात नीट उमटला होता. तिने खुलासा एका ओळीत दिला: फेरफार केला. तो तिच्या नस्तीत, वर्तणुकीच्या रकान्याखाली, जोडण्यात आला.

सोमवारी सात वाजता नर्सबाई कामावर हजर झाली. त्या पाळीत दोन मुली जन्मल्या.