रेखाची हाक

कुणाला हसायचं असेल तर खुशाल हसा, पण सकाळपासून माझ्या अंगावरचा काटा गेलेला न्हाय.

पंधरा वर्षं मी भारताच्या फुटबॉल संघात डिफेंडर होते. माझ्यामागं गोलकीपर असायची गुंजी गावची रेखा. आमचा एकच नियम होता. तिची हाक आली की ती सांगेल तिकडं मी सरकायचं, वळून बघायचं न्हाय. वळलं की बॉल गेलाच.

रेखा गेल्या वर्षी आजारानं गेली.

आज संकेश्वरला पोरींचा सराव घेत होते. मैदानाला लागून ऊस, त्यावर दाट धुकं. एकीनं बॉल मारला आणि मागून हाक आली, "आक्का, डावीकडं!"

मी सरकले. बॉल थेट पायात आला.

आणि मी मागं वळले. गोलमध्ये कुणीच नव्हतं. आमची गोलकीपर पोरगी बाजूला बसून ग्लोव्हज घालत होती.

"तू ओरडलीस व्हय गं?"

"न्हाय आक्का. मला वाटलं, गोलमध्ये कोणतरी हाय."

मग तासभर मी तिथंच गोलकडं पाठ करून उभी राहिले. पुन्हा हाक आली न्हाय.

तुम्हीच सांगा, पंधरा वर्षं पाळलेला नियम मी आजच का मोडला?