बळीरामदादांची मानाची दुनळी

पळस्प्याच्या नाक्यावरून आत वळलं की बळीरामदादांचं गाव. दादांकडे शेती होती, दोन म्हशी होत्या, एक ट्रक होता आणि आजोबांची दुनळी बंदूक होती. ट्रकबद्दल विचारलंत तर चहा मिळे. बंदुकीबद्दल विचारलंत की जेवल्याशिवाय सुटका नसे.

कारण गावदेवीची पालखी या बंदुकीच्या बारावर उठायची. तीन पिढ्यांचा मान! अडचण एवढीच, की बंदूक नऊ वर्षं मुकी होती. दादा नळी आभाळाकडे रोखत आणि त्याच क्षणी गोठ्यामागे त्यांच्या पत्नी, भामावहिनी, सुतळी बॉम्ब उडवत. १९९० च्या चैत्रात मात्र वात जरा जास्तच उत्साही निघाली. दादा अजून खांद्यावरून बंदूक उतरवत होते आणि बार झाला! म्हैस दावं तोडून पालखीच्या पुढे. गाव पोट धरून हसलं. पंचांनी मात्र बजावलं, "फुडच्या वर्साला बंदूक वाजली नाय, तर मान भगवानला." भगवान हा दादांचा चुलतभाऊ. नवीकोरी बंदूक घेऊन तो टपूनच बसला होता.

दिवाळी झाल्यावर दादांनी परवाना खिशात घातला, दुनळी गोधडीत गुंडाळली आणि बाळंतिणीला माहेरी आणावं तशी एसटीने पनवेलला आणली. तिथे दीनानाथ नावाचे बंदुका दुरुस्त करणारे म्हातारे कारागीर होते. त्यांनी नळीत गज घातला. तो वितीभरच गेला.

"हिला मारलं कोणी?"

"मारलं? अवो, दर दसऱ्याला पूजा करतो आमी! दूध, मध, नारळाचं पाणी..."

"नळीत?"

"मंग? नुसती भायेरून आंघोळ घालून काय उपेग?"

दीनानाथांनी वर्तमानपत्रावर नळी रिकामी केली. कुंकवाची ढेकळं, तांदूळ, झेंडूच्या पाकळ्या आणि एक अख्खी सुपारी. "ही बंदूक नाही, देव्हारा आहे," ते म्हणाले.

मग महिनाभर दादा रोज दुकानातल्या स्टुलावर. दीनानाथांनी गंज काढला, स्प्रिंगा बदलल्या, शिसवी दस्त्याला जवसाचं तेल चोळलं. कानशीचा आवाज झाला की दादा कळवळत, "हलू, हलू! आजाचं नाव हाय तिथं."

घरी नेताना ताकीद मिळाली : यापुढे पूजा बाहेरून. भामावहिनी खवळल्या, "आन् हिला उपाशी ठेवायची?"

चैत्र उजाडला. दादांनी बिनछऱ्याचं काडतूस भरलं. या खेपेला वहिनी गोठ्यामागे नव्हत्या, शेजारीच उभ्या होत्या, हात जोडून. भगवान मिशीला पीळ देत होता. दादांनी डोळे मिटले, चाप ओढला.

असा बार झाला की वडावरचे कावळे पार खाडीकडे पळाले. पालखी टुणकन उठली. पहिला गुलाल भगवानने उधळला, तोही दादांच्याच डोक्यावर. दादांच्या कानांत मात्र नुसती शिट्टी वाजत होती.

"वाजली का गो?"

"वाजली ओ!"

"काय?"

"वाजलीऽऽ!"

दादांना काही ऐकू येईना. ते पालखीपुढे नाचत दारोदार विचारत सुटले, आणि सगळं गाव त्यांच्या कानाशी आनंदानं ओरडत राहिलं, "वाजली, दादा, वाजली!"