नागपूरला एक कॉकटेल शिकायला गेले

"कॉकटेल शिकायला नागपूरला? लोक तिथून संत्री आणतात," माझी बहीण म्हणाली. पण माझ्या नवऱ्याचा, विवेकचा वाढदिवस जवळ आला होता. तो गेल्यानंतरचा पहिलाच. नोकरीची शेवटची नऊ वर्षं तो नागपुरात एकटा होता आणि मी मुलींच्या शाळेपायी पुण्यात. दर शनिवारी तो एका जुन्या हॉटेलच्या बारमध्ये एकच ग्लास घ्यायचा. स्कॉच, व्हर्मूथ नावाची मसालेदार गोड वाइन आणि जडीबुटींचं गोड लिकर, असं फार जुन्या जमान्यातलं कॉकटेल. "मनोहरभाऊंच्या हातचं ते मनोहरभाऊंच्याच हातचं," असं घरी परतल्यावरही म्हणत राहिला. मला ते एकदा अगदी तस्संच करून त्याच्या फोटोपुढे ठेवायचं होतं. घरी करून पाहिलं तर गढूळ, फेसाळ काहीतरी झालं.

पुण्याहून संध्याकाळची गाडी धरा, सकाळी नागपूर येतं. तिकीट मात्र महिनाभर आधी काढा. स्टेशनबाहेर तर्री पोहे खाल्ले. तर्री वेगळी मागा, नाहीतर नाकाडोळ्यांतून पाणी येतं. मला रडायला निमित्त हवंच होतं, म्हणून दोनदा घेतली. मग लकडगंजात एका लॉजवर सामान टाकलं. खोली साधी, पण स्वच्छ.

बार संध्याकाळी उघडतो, म्हणून दुपारीच गेले. मनोहरभाऊ साठीचे, पांढऱ्या शर्टात, ग्लास पुसत होते. मी ओळख सांगितली.

"वहिनी तुम्ही! अन् साहेब काहून नाही आले?"

हे मला सांगावं लागेल, याचा मी विचारच केला नव्हता. सांगितलं. ते बराच वेळ तोच ग्लास पुसत राहिले.

मग मी घरच्या फजितीची गोष्ट काढली. स्टीलच्या डब्यात बर्फ घालून खूप हलवलं होतं, म्हटलं.

"ताक करून राहिल्या होत्या का तुम्ही? हे घुसळाचं नाही, ढवळाचं."

त्यांनी स्कॉच साठ मिली, व्हर्मूथ तीस, लिकर जेमतेम चमचाभर घेतलं. लांब चमचा ग्लासच्या कडेकडेने फिरवला. बर्फ आधी खडखडला, मग आवाज मऊ होत गेला. "इथं थांबाचं," म्हणाले. गाळून, लिंबाची साल पिळून माझ्यापुढे ठेवलं.

"चव बघा ना तुम्ही आधी," मी म्हटलं.

"मी नाही घेत वहिनी. घरी पंचशील हाय. तीस वर्षं बारमधी काढले, पण थेंब नाही लावला जिभेले."

"मग बरोबर झालंय हे कळतं कसं?"

"साहेब सांगत ना. पहिल्यांदा म्हणले, गोड हाय. मंग दर शनिवारी थोडं थोडं लिकर कमी केलं. एक दिवस म्हणले, आता आमच्या घरच्या चहावानी झालं, हातचं राखून गोड. तवापासून मी माप बदललं नाही."

माझ्या चहात साखर कमी असते. विवेक त्याबद्दल पंचवीस वर्षांत चकार शब्द बोलला नव्हता. मी समजत होते, चालवून घेतो. तिथेच, दुपारच्या रिकाम्या बारमध्ये, समोरच्या ग्लासला हातही न लावता मी मनसोक्त रडले. मनोहरभाऊंनी पैसे घेतले नाहीत, फक्त फोन नंबर आणि वाढदिवसाची तारीख लिहून घेतली.

वाढदिवसाला मी पुण्यात तेच माप घेतलं, आवाज मऊ होईपर्यंत ढवळलं, फोटोपुढे ठेवलं आणि शेवटी स्वतःच प्यायले. घशात जळजळलं, मागून औषधी गोडवा आला. पण त्याला आवडायचं ते हेच का, कोण जाणे. ज्या जिभेवर हे माप ठरलं ती जीभच आता नाही. नागपूरला जाऊन मी कृती आणली, त्याचा होकार काही आणता आला नाही.

संध्याकाळी फोन वाजला.

"वहिनी, झालं का बरोबर?"

त्यांनाही नऊ वर्षं दुसऱ्याच्याच तोंडून ऐकायची सवय होती.

"साहेबांना आवडलं," मी म्हणाले.

"मंग ठीक हाय," मनोहरभाऊ म्हणाले.