काट्याकडे बघायला कुणीतरी

त्याला सगळे ओळंबा म्हणायचे. गवंडी दोरीला वजन बांधून भिंत सरळ आहे का बघतो, हा नुसता एक डोळा मिटायचा आणि सांगायचा, "डावीकडे दोन सूत गेलंय." माप लावावं तर दोन सूतच निघायचं. लोखंडातला वाकडेपणा त्याला दिसायचा तसा माणसांतलाही दिसायचा, आणि तो तोंडावर बोलून दाखवायची त्याला खोड होती. त्यामुळे त्याच्याकडे कामाला तोटा नव्हता आणि बसाउठायला कुणी नव्हतं.

टायरच्या दुकानामागे त्याचं पत्र्याचं वर्कशॉप होतं. वर एक खोली. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. सकाळी खाली उतरायचा, दिवसभर लोखंडाशी बोलायचा, संध्याकाळी वर चढायचा. कधी कधी टायरवाला हाक मारायचा तेव्हा ओळंब्याच्या लक्षात यायचं, की आज आपला आवाज आपण पहिल्यांदाच ऐकतोय.

त्याचं काम एकच. दगडधोंड्यांतून, रस्ता नसलेल्या रानातून जाणाऱ्या जीपगाड्यांचे पुढचे अ‍ॅक्सल मजबूत करणं. अशा गाडीचं पुढचं चाक दगडावर आदळलं की सगळा मार दोन चाकांमधल्या अ‍ॅक्सलच्या नळीवर बसतो, आणि एक दिवस ती वाकते. मग चाकं वरच्या बाजूने आत कलतात, गाडी दमलेल्या म्हशीसारखी दिसायला लागते. ओळंबा नळी सरळ करायचा आणि तिच्या पाठीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत जाड पट्ट्यांचा पूल बसवायचा. ऐकायला सोपं. पण वेल्डिंग निवताना लोखंड आवळतं आणि सरळ केलेली नळी पुन्हा ओढून वाकवतं. म्हणून एक बोटभर टाका डावीकडे, एक उजवीकडे, मध्ये थांबायचं, निवू द्यायचं. आणि टोकाला लावलेल्या, नळी किती हलली ते दाखवणाऱ्या डायलचा काटा सतत बघायचा. तोंडावर काळी काच घेतलेल्या माणसाला काटा दिसत नाही. त्यासाठी दुसरं माणूस लागतं.

ते दुसरं माणूस म्हणजे त्याचा धाकटा भाऊ. बारा वर्षं धाकटा काट्यापाशी बसला. "थांब" म्हणाला की थोरला थांबायचा. अकरा वर्षांपूर्वी वेल्डिंग करताना एका गिऱ्हाइकाचा अ‍ॅक्सल वाकला. गिऱ्हाईक समोर उभं होतं. ओळंबा धाकट्याला म्हणाला, "तुला साधा काटा बघता येत नाही? डोळे काय शोभेला दिलेत?" धाकट्याने हातमोजे काढून बाकावर ठेवले, बायकोला घेऊन डोंगरापलीकडच्या गावी निघून गेला. वहिनी वारली तेव्हा आला, दारात उभा राहिला, चार माणसांबरोबर परत गेला. तेव्हापासून ओळंबा एकटाच टाका मारायचा, काच वर करायचा, उठून काटा बघायला जायचा, परत यायचा. दोन दिवसांच्या कामाला पाच दिवस लागायचे.

त्या दिवशी एक डॉक्टरबाई आल्या. गुरांच्या डॉक्टर. डोंगरावरच्या कुरणांत त्यांना गाडी घालावी लागायची. गाडी पुढून पार खचली होती.

"काका, आठ दिवसांनी वर लसी द्यायला जायचंय. मेंढ्या माझ्यासाठी थांबतील, रोग थांबणार नाही."

ओळंबा गाडीखाली सरपटला. नळी गिअरच्या मधल्या गोळ्याला जिथे जोडली होती तिथे तडा गेला होता आणि त्यावर कुणीतरी तात्पुरती पट्टी जोडली होती. पट्टीचे चारही कोपरे घासून गोल केले होते. टोकदार कोपऱ्यापासून नवा तडा सुरू होतो, म्हणून. असं करायला त्याने आयुष्यात एकाच माणसाला शिकवलं होतं. तो बराच वेळ गाडीखालीच पडून राहिला.

"काका, काही झालं का?"

"नाही. बघतोय." बाहेर येऊन त्याने हात पुसले. "पाच दिवस लागतील. एकटा आहे मी."

"मग मी बसते ना मदतीला. घरी बसून तरी काय करू?"

"तुम्हाला जमायचं नाही."

"अडलेली गाय मोकळी करताना रात्रभर एका जागी बसते मी. मला बसायला छान जमतं."

दुसऱ्या दिवशी त्या खरंच आल्या. अ‍ॅक्सल सुटा करून लोखंडी घोड्यांवर ठेवला होता, आतले गिअर काढून घेतले होते. ओळंब्याने साखळी आणि जॅक लावून नळी सरळ केली, थोडी उलट्या बाजूलाही दाबली, निवताना ती परत येणार म्हणून. मग ठिणग्या लागू नयेत म्हणून बाईंना पत्र्यामागे बसवलं आणि काटा दाखवला. "या रेघेपलीकडे गेला की थांबा म्हणायचं. मोठ्याने."

पहिला टाका, दुसरा, तिसरा. मधल्या वेळात बाई बोलत राहिल्या. हट्टी खेचराबद्दल, डॉक्टरांनाच ढुशी देणाऱ्या बोकडाबद्दल. ओळंबा हूं म्हणायचा. एकदा हसलासुद्धा, आणि हसू कुठून आलं म्हणून आपणच चमकला.

दुपारी अचानक त्या ओरडल्या, "थांबा!"

टाका पुरा व्हायला बोटाचं एक पेर राहिलं होतं. त्याचा हात जागच्या जागी थांबला. त्याने काच वर केली. काटा रेघेवर होता, पुढे गेला नव्हता. तो तिथेच उकिडवा बसून राहिला.

"ही पट्टी कुणी मारली होती?" त्याने विचारलं.

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. "डोंगरापलीकडे एक वेल्डर आहेत, त्यांनी. म्हणाले, माझं हे काम पंधरा दिवसांपुरतं. खरं काम खाली माझा थोरला भाऊ करील, त्याच्याकडेच न्या."

"मग कालच का नाही सांगितलंत?"

"तेच म्हणाले होते. त्याने विचारलं तर सांगा, नाही विचारलं तर राहू द्या."

नळी निवत होती, टकटक आवाज करत. ओळंब्याने हातमोजे काढले, पुन्हा घातले.

"तो थांब म्हणाला होता," तो म्हणाला. "शेवटच्या कामाच्या वेळी. मी ऐकलं होतं, बाई. हातातला टाका पुरा करायचा मोह झाला. एवढासा राहिला होता. अ‍ॅक्सल वाकला, आणि लोकांसमोर मी सगळं त्याच्यावर ढकललं."

बाईंनी नजर काट्यावरच ठेवली.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी गाडी चाकांवर उभी राहिली. ताठ, मान वर करून. बाईंनी किल्ली घेतली तेव्हा ओळंबा खिडकीपाशी आला. "वर जाताना त्याला अ‍ॅक्सल दाखवा. आणि सांगा, तू थांब म्हणाला होतास ते थोरल्याने ऐकलं होतं. एवढंच सांगा. वाढवून सांगू नका."

गाडी गेली. पत्र्यामागचं स्टूल त्याने उचलून कोपऱ्यात ठेवलं. तीन दिवस कुणी होतं म्हणून चौथा दिवस त्याला फार लांब गेला. पाचवा त्याहून लांब.

नवव्या दिवशी बाईंच्या नंबरवरून फोन आला. पलीकडे बाई नव्हत्या. नुसता वारा होता, मग एक खाकरणं.

"दादा."

ओळंब्याने बाकाची कड धरली. "बोल."

"बघितला अ‍ॅक्सल. चांगला झालाय. पण खालच्या पट्टीचे टाके आखूड आहेत. उकिडवं बसवत नाही का आता?"

"गुडघे धरतात."

"हं. तेल लाव." वाऱ्यात तो पुन्हा खाकरला. "निरोप मिळाला," धाकटा म्हणाला. "मला तेव्हाही माहीत होतं, दादा. तू ऐकलंस ते." मग बाईंना उशीर होतोय म्हणून त्याने फोन परत दिला. ओळंब्याने बाईंकडून त्याचा नंबर मागून घेतला आणि खडूने भिंतीवर लिहिला.

लिहिला खरा, पण लावायला महिना गेला. रोज वाटायचं, काय बोलणार? शेवटी एका रविवारी दुपारी जेवण झाल्यावर, ताट तसंच ठेवून, त्याने नंबर लावला. धाकट्याच्या बायकोने उचलला. त्याने "हॅलो" म्हणताच तिने आवाज ओळखला.

"भाऊजी? तुम्ही?" तिचा आवाज एकदम खाली आला. "बरे आहात ना? हे गाडीखाली आहेत. बोलावू?"

"नको. काम होऊ दे त्याचं."

"मग सांगू का काही?"

"काही नाही सांगायचं." तो घुटमळला. "फोन ठेवू नकोस लगेच. तिथेच ठेव बाजूला, चालू."

तिने का म्हणून विचारलं नाही. फोन कशावर तरी ठेवल्याचा आवाज आला. मग हातोडीचे ठोके, लांबून, एका लयीत. मध्येच थांबले, ग्राइंडर फिरला, पुन्हा ठोके सुरू झाले. ओळंबा उष्ट्या ताटापुढे फोन कानाला लावून बसला होता. मध्येच पलीकडे धाकट्याने कुणाला तरी पाना मागितला, आणि इकडे ओळंब्याचा हात नकळत अर्ध्यापर्यंत उचलला गेला.