नानांचा काळा सायलेन्सर

धुळ्याच्या देवपुरात हिलाल मिस्तरी मोटरसायकलच्या सायलेन्सरला काळा रंग चढवतो. ऐकायला सोपं वाटतं, पण सायलेन्सर तापतो आणि साधा रंग आठ दिवसांत पापडासारखा सुटतो. म्हणून आधी गंज घासून लोखंड उघडं करायचं, थिनरने पुसायचं, मग उष्णता सोसणाऱ्या रंगाचे तीन पातळ हात द्यायचे आणि शेवटी भट्टीत भाजायचं. ही भट्टी हिलालने जुन्या लोखंडी कपाटात कॉइल बसवून स्वतःच केलीय. मधेच कुणाचं बोट लागलं, की तो डाग भाजून पक्का होतो. शिरपूर-दोंडाईच्याहून पोरं येतात, “काळा करा आणि आवाजही वाढवा” म्हणतात. हिलाल फक्त काळा करतो. आवाजाचं नाव काढलं की पाठ फिरवतो.

असल्या काटेकोर माणसाच्या नशिबी तोताराम नाना आले.

नाना एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर. एकतीस वर्षं गाडी चालवली, पण रस्त्यावरच्या कोंबडीलाही धक्का लागला नाही, हे त्यांनी पहिल्याच भेटीत दोनदा ऐकवलं. त्यांच्या जुन्या मोटरसायकलचा सायलेन्सर गंजून तांबडा झाला होता. तो काळाभोर हवा होता. हिलालने घासला, रंगवला, सुकायला टांगला आणि हात धुवायला मोरीवर गेला. येऊन बघतो तर नाना वाकून सायलेन्सर चाचपत होते.

“नाना, हात लाऊ नका! ओला शे तो!”

“हात कोठे? एक बोट व्हतं.”

एक कसलं, पाचही बोटं उमटली होती. हिलालने दात-ओठ खात सगळा रंग खरवडला आणि पहिल्यापासून सुरुवात केली.

दुसऱ्या रंगानंतर गाडी देताना त्याने शाळेतल्या पोराला समजवावं तसं समजावलं, “गरम सायलेन्सरवर पाणी नाही. अजिबात नाही.” नानांनी मान डोलावली. चौथ्या दिवशी ते परत हजर. बुडाशी रंगाचे पोपडे आलेले.

“नाना, पाणी टाकलं?”

“बजारमधून उनू, गाडीवर धूळ व्हती. धुई टाकी. गाडी स्वच्छ ठेवाले नको का?”

तिसऱ्या खेपेला तर कहरच झाला. रंगाला चमक कमी वाटते म्हणून नानांनी सायलेन्सरला खोबरेल चोळलं आणि गाडी चालू केली. एवढा धूर झाला, की शेजारणीने वाळत घातलेले कपडे ओढून घरात नेले. सायलेन्सरवर गजकर्णासारखे चट्टे पडले.

त्या दुपारी हिलालला जेवण गेलं नाही. “सगळ्या धुळ्याला दुसरा मिस्तरी नाही का गं?” तो बायकोवर, रत्नावर खेकसला. “यांनी माझंच घर का धरलं?”

“मग नाही म्हणा,” रत्ना म्हणाली.

“तीनदा म्हणालो. चौथ्यांदा आले.”

रंग झाला का बघायला नाना आले तेव्हा त्यांचा सायलेन्सर भट्टीत होता. उन्हातून ते आत शिरले, कोपऱ्यात गेले आणि तिथे उभा करून ठेवलेला दुसऱ्याच गिऱ्हाइकाचा सायलेन्सर वरपासून खालपर्यंत कुरवाळू लागले. तो नुसता घासलेला होता. उघडं, करडं लोखंड. रंगाचा एक थेंबही नाही.

“वा रे हिलाल! आते कसा काळाभोर दिसस!”

हिलालच्या तोंडापर्यंत आलेली शिवी तिथेच अडली. त्याने हातातला गंज घासायचा पॉलिश कागद वर धरला. “नाना, मना हातमा काय शे?”

नानांनी डोळे बारीक केले. बराच वेळ बघितलं. “पाना शे,” ते म्हणाले, आणि हिलालने तो खरखरीत कागद त्यांच्या हातात ठेवल्यावर चाचपत स्टुलावर बसले. “कोनले सांगू नको, भाऊ. घरना लोक गाडी इकी टाकतीन.”

हिलालला दया यायला हवी होती. आला तो संतापच. म्हणजे या माणसाने ओला रंग चाचपला तो खोडसाळपणे नव्हे, दिसत नव्हता म्हणून. आणि हाच माणूस पांझरा नदीच्या पुलावरून गाडी हाकत होता!

“एकतीस वर्षं कोंबडी मारी नही, आते माणूस माराना शे का?” तो ओरडला. “डॉक्टरले डोळे दाखवा, मग सायलेन्सर नेज्या!”

“मना सायलेन्सर शे तो!”

“शे ना. पण भट्टी मनी शे.”

नानांनी आठ दिवस हट्ट धरला. रोज यायचे, पायी, आणि दारातूनच भांडून जायचे. नवव्या दिवशी त्यांची सून दिपमाला आली, गाडी का अडवली म्हणून जाब विचारायला. हिलालने सगळं सांगितलं. ती म्हणाली, “दोन वर्षं विचारतेय मी. दर वेळी म्हणतात, डोळ्यात कचरा गेला.”

तिने नानांना डॉक्टरांकडे नेलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. आधी एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, मग महिन्याने दुसऱ्याचं. तेवढ्या काळात हिलालने सायलेन्सर पुन्हा घासला आणि असा रंगवला, की त्याचं त्यालाच समाधान वाटलं.

डॉक्टरांनी गाडी चालवायला हरकत नाही म्हटल्यावर नाना काळा चष्मा लावून, सुनेला घेऊन आले. चष्मा काढून खिशात ठेवला. हात पाठीमागे बांधून गाडीला बसवलेल्या सायलेन्सरभोवती एक फेरी मारली, मग उकिडवे बसले. हिलाल कौतुकाच्या दोन शब्दांची वाट बघत उभा होता.

“हिलाल, आठे खाले रंगना ओघळ उतरेल शे.”

“शक्यच नही.”

“वाकीसन देख.”

हिलाल वाकला. क्लॅम्पच्या मागे, जिथे कुणाची नजर जाणार नाही तिथे, मुगाच्या डाळीएवढा ओघळ सुकून बसला होता.

“नाना, तठे कोनले दिसस?”

“माले दिसस ना!”

दिपमालाने हसू दाबायला पदर तोंडाला लावला. हिलालने एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा नानांकडे आणि पाना घेऊन सायलेन्सरचे नट सोडायला बसला.

“परवा या,” तो गुरगुरला.

“उद्या येस,” नाना म्हणाले.