पाहुण्यांचा तास

कॉलेजातल्या पूर्णवेळ प्राध्यापकाला काय काय करावं लागतं, याची यादी स्टाफरूमच्या दारामागे चिकटवलेली होती. आठवड्याला सोळा तास शिकवायचं, पाच तास आपल्या खोलीत दार उघडं ठेवून विद्यार्थ्यांची वाट बघायची, दोन समित्यांवर बसायचं आणि पाच वर्षांतून एकदा आपलं मूल्यमापन करून घ्यायचं. स्टाफरूमचं दार कायम सताड उघडं असे, त्यामुळे त्यामागची यादी कुणालाच दिसत नसे, आणि त्याबद्दल कुणाची तक्रारही नव्हती.

संख्याशास्त्राच्या बाईंना मात्र ती तोंडपाठ होती. मुलं त्यांना सरासरीबाई म्हणत. उंची बेताची, आवाज बेताचा, आणि पंचवीस वर्षांत एकाही मूल्यमापनात त्या पहिल्या आल्या नाहीत की शेवटच्या. हे नाव त्यांच्या कानावर होतं. "असू दे की," त्या म्हणत, "निम्म्या लोकांच्या तर वर असते मी." सरासरीच्या खाली नेमके निम्मेच असतात असं काही नाही, हे त्या स्वतःच पहिल्या वर्षाला शिकवत. पण स्वतःच्या बाबतीत एवढं काटेकोर कोण असतं!

त्यांचे यजमान शिंपी. घराच्या तळमजल्यावर दुकान, वर दोन खोल्या. प्राध्यापिकेनं शिंपी पसंत केला म्हणून नातेवाइकांनी त्या वेळी नाकं मुरडली होती. पुढे त्याच नाकांखालचे कोट ह्यांच्या दुकानात शिवले गेले, आणि विषय मिटला.

तर यंदा पाच वर्षं भरली होती, आणि यंदाची गोष्ट वेगळी होती. प्राचार्यांनी नवा नियम काढला होता. शंभरात साठ गुण मिळाले नाहीत, तर त्या प्राध्यापकाकडून पहिल्या वर्षाचा वर्ग काढून घ्यायचा, आणि त्याला परीक्षा विभागात बैठक क्रमांक लिहायला बसवायचं. बाईंच्या निवृत्तीला तीनच वर्षं राहिली होती. शोधनिबंधांच्या पानावर त्यांनी दरवेळेसारखंच प्रामाणिकपणे "नाही" लिहिलं होतं. बाकी सगळी बेरीज करून अठ्ठेचाळीस होत होते. उरला एकच रकाना, तास पाहणीचा. वीसपैकी निदान बारा तरी हवे होते.

आणि पहिलं वर्ष म्हणजे बाईंचा जीव की प्राण. सकाळी आठचा तास. 'आपल्याला आकडे जमत नाहीत' असं कुणीतरी लहानपणीच सांगून ठेवलेली बावन्न मुलं खांदे पाडून येऊन बसत, आणि वर्ष संपेपर्यंत त्यातली निदान तीसेक बाईंशी वाद घालायला लागत. ह्या वादासाठीच बाई पहाटे उठत. बैठक क्रमांकांशी कोण वाद घालणार?

तशी तास पाहणी म्हणजे काही वाघ नव्हता. त्या कॉलेजात एक जुनी रीत होती. प्रत्येक प्राध्यापकाकडे एक ठेवणीतला तास असे, त्याला स्टाफरूममध्ये 'पाहुण्यांचा तास' म्हणत. इतिहासाचे सर वर्गात एका राजावर खटला चालवत. रसायनशास्त्राच्या बाई चंबूतलं पाणी तीनदा रंग बदलून दाखवत. सरासरीबाईंचा तास वाढदिवसांचा होता. वर्गात दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला असतो की नाही यावर पैज लावायची, तारखा विचारत जायचं, आणि जोडी सापडली की मुलं ओरडायची. बावन्नांत जोडी सापडणार हे जवळजवळ ठरलेलंच असे. पाहणारेही मान डोलवत आणि गुण देऊन जात. खरा तास कसा असतो हे मात्र कुणी कुणाचं कधी पाहिलं नव्हतं.

यंदा चिठ्ठ्या टाकून पाहणीसाठी आल्या त्या रसायनशास्त्राच्याच बाई. मुलांनी त्यांचं नाव लिटमस ठेवलं होतं, कारण चेहरा क्षणात लाल, क्षणात निळा. खडू तीनदा मोडला म्हणून त्यांनी इतिहासाच्या सरांना गेल्या साली सात गुण दिले होते. वीसपैकी. पाहणीचा दिवस ठरला गुरुवार. सरासरीबाईंनी आठ दिवस आधीच नियोजनाचा कागद भरून दिला: विषय, वाढदिवस.

घोटाळा झाला तो मंगळवारी. त्या दिवशी बाई दवाखान्यातल्या तपासणीचं उदाहरण शिकवत होत्या. हजारात एकालाच होणारा आजार आहे. तपासणी त्या एकाला अचूक पकडते, पण शंभरातल्या पाच धडधाकट माणसांनाही उगाच आजारी ठरवते. आता एखाद्याच्या हातात 'तुम्हाला आजार आहे' अशी चिठ्ठी पडली, तर तो खरंच आजारी असण्याची शक्यता किती? बाईंनी फळा भरून टक्केवाऱ्या लिहिल्या, मध्येच एक शून्य गिळलं, ते शोधता शोधता घंटा झाली.

बाईंची एक सवय होती. तास संपला की दाराशी बिस्किटांचा रिकामा डबा ठेवायच्या. प्रत्येकानं त्यात एक चिठ्ठी टाकायची, 'कळलं' किंवा 'नाही कळलं'. नाव लिहायचं नाही. त्या दिवशी बावन्नांतल्या एक्केचाळीस चिठ्ठ्या 'नाही कळलं' म्हणत होत्या. एका चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'बाई, तुम्हाला तरी कळलं का?'

बाई घरी आल्या त्या तोंड पाडूनच. दुकानात यजमान एका तयार कोटाची बाही उसवत बसले होते.

"अहो, चांगली दिसतेय की बाही. कशाला उसवताय?"

"दिसतेय चांगली. पण हात वर केला की ओढ बसते. गिऱ्हाईक काही बोलायचं नाही, पण कोट कपाटात राहील." त्यांनी दोरा ओढला. "तुझं काय बिनसलंय?"

बाईंनी डबा त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी दहा-बारा चिठ्ठ्या वाचल्या, शेवटच्या चिठ्ठीला मोठ्यानं हसले आणि बाईंचा चेहरा बघून लगेच हसायचं थांबले.

"मग परवा पुन्हा शिकव ना."

"परवा पाहणी आहे! वाढदिवस करायचेत. कागद भरून दिलाय."

"हां, ते मलाही पाठ झालंय," यजमान म्हणाले आणि पुन्हा बाहीकडे वळले.

बाई स्टुलावर टेकल्या. परवा वाढदिवस केले, तर पुढच्या मंगळवारी नवा धडा, आणि मुलं हे कोडं तसंच पोटात घेऊन परीक्षेला जाणार. नाही केले, तर लिटमसबाई. मग त्यांची नजर भिंतीवरच्या फडताळावर गेली. तिथं बरण्या होत्या.

"अहो, आपल्याकडे बटणं किती असतील?"

"कुणी मोजलीत?"

"मी मोजते," बाई म्हणाल्या.

बुधवारी संध्याकाळी नवरा-बायको जमिनीवर फतकल मारून बसले. नऊशे एकोणपन्नास पांढरी, पन्नास काळी आणि कोटाचं एकच मोठं लाल. यजमानांनी दोनदा मोजून कापडी पिशवीत भरली.

"माझी मोजून आणशील परत. काळी पन्नास गिऱ्हाइकाची आहेत."

"आणीन. पण मला भीती वाटतेय हो," बाई म्हणाल्या. "बारा नाही मिळाले तर पहिलं वर्ष गेलं."

यजमानांनी पिशवीची नाडी आणखी एकदा आवळून बांधली.

गुरुवारी आठला लिटमसबाई शेवटच्या बाकावर येऊन बसल्या. मांडीवर कागद, हातात पेन, आणि चेहऱ्यावर कुठलाच रंग नाही. सरासरीबाई फळ्यापुढे उभ्या राहिल्या.

"आज परवाचाच तास," त्या म्हणाल्या. "परवा मी तो नीट शिकवला नव्हता."

लिटमसबाईंनी नियोजनाचा कागद उलटून पाहिला, पुन्हा सुलटून पाहिला आणि काहीतरी लिहिलं. घाईघाईत सरासरीबाईंनी पिशवीची नाडी ओढली, ती सुटेना म्हणून हिसकली, आणि हजार बटणं टेबलावर कमी आणि फरशीवर जास्त सांडली. वर्गात जो खळखळाट झाला तो शेजारच्या वर्गातही ऐकू गेला. बावन्न मुलं बाकांखाली शिरली. लिटमसबाईंनी आधी पाय वर घेतले, मग आपल्या चपलेजवळ तीन बटणं बघून त्याही गुडघ्यांवर आल्या. दहा-दहाचे ढीग करत मोजणी झाली. नऊशे नव्याण्णव. हजारावं एका मुलाच्या बुटात सापडलं. तोवर पंचवीस मिनिटं गेली होती.

"आता हे हजार लोक," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज आता स्थिर झाला होता. "लाल तो खरा आजारी. पांढरे धडधाकट, आणि तपासणीही तसंच म्हणते. काळे पण धडधाकटच, फक्त तपासणी त्यांच्या बाबतीत चुकली. सांगा, 'आजार आहे' ही चिठ्ठी कुणाकुणाच्या घरी जाईल?"

"लाल," दोघं-तिघं म्हणाले.

"आणि काळे!" पुढच्या बाकावरची मुलगी ओरडली. "काळ्यांच्या घरी पण जाणार, बाई!"

"मग पांढरे बाजूला काढा."

पांढरी पिशवीत गेली. उरलेली एक्कावन्न बटणं बिस्किटांच्या डब्यात टाकून बाईंनी डबा फिरवला. डोळे मिटून एक काढायचं, बघायचं आणि परत टाकायचं. काळं. काळं. पुन्हा काळं. दहाव्या काळ्याला मुलं हसायला लागली, विसाव्याला ओरडायला.

"म्हणजे चिठ्ठी आली तरी बहुतेक काही झालेलंच नसतं!" ती पुढची मुलगी म्हणाली.

"बहुतेक. नक्की नाही," बाई म्हणाल्या. "डब्यात लाल आहेच. म्हणून दुसऱ्यांदा नीट तपासून घ्यायचं. आणि तोपर्यंत वेळेवर जेवायचं आणि झोपायचं."

डबा फिरत फिरत शेवटच्या बाकाशी आला. पाहणाऱ्यानं तासात भाग घ्यायचा नाही, असा नियम आहे. लिटमसबाईंनी पेन खाली ठेवलं, डोळे मिटले आणि हात डब्यात घातला. त्यांनी डोळे जरा जास्तच वेळ मिटून ठेवले. मग मूठ बाहेर काढली, पण उघडली नाही. तेवढ्यात घंटा झाली, आणि घंटेनंतरही वाद चालूच राहिल्यानं तास सात मिनिटं लांबला.

त्या दिवशी डब्यात एकोणपन्नास 'कळलं' निघाले आणि तीन 'नाही कळलं'. चिठ्ठ्या लिटमसबाईंनी स्वतः मोजल्या. संध्याकाळी यजमानांनी बटणं मोजली आणि कपाळाला हात लावला. "एक काळं कमी आहे! सांगितलं होतं ना तुला!"

दुसऱ्या दिवशी पाहणीचा कागद सहीसाठी आला. नियोजनाप्रमाणे तास: चारपैकी शून्य. वेळेचं भान: चारपैकी शून्य. विषयावर पकड: चारपैकी चार. विद्यार्थ्यांना कळलं का: आठपैकी आठ. एकूण बारा.

बाईंनी बेरीज तीनदा केली. सुटकेचा निःश्वास टाकून गप्प बसावं की नाही? पण आकडा चुकीचा दिसला की बाईंच्यानं राहवतच नसे.

"अहो, आठपैकी आठ कसे दिलेत? तिघांना नव्हतं कळलं."

लिटमसबाईंचा चेहरा लाल झाला. "एकोणपन्नास भागिले बावन्न, गुणिले आठ. साडेसाताच्या वर येतात. आठ धरले. अर्ध्याच्या वर गेलं की पूर्ण धरायचं, हे तुम्हीच शिकवता ना? करा सही."

बाईंनी सही केली. काठावर का होईना, पास झाल्या. आठवड्यानं प्राचार्यांचं पत्र आलं: पहिल्या वर्षाचा वर्ग कायम. यजमानांनी ते पत्र दुकानात टाचण्यांच्या उशीवर टोचून ठेवलं, येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला वाचून दाखवलं आणि एका बटणाबद्दलची कुरकुर तेवढ्यापुरती थांबवली.

पाहणीला अकरा दिवस झाल्यावर सरासरीबाई भेटीच्या तासाला खोलीत बसल्या होत्या. दार उघडं, समोर नोंदवही, आलं-गेलं कुणी नाही. तर दारात लिटमसबाई.

"हे दार लावलं तर चालेल?"

"उघडं ठेवायचा नियम आहे," बाई म्हणाल्या, आणि त्यांच्या चेहऱ्याकडे बघून उठून स्वतःच दार लावून आल्या.

लिटमसबाई विद्यार्थ्यांच्या खुर्चीत बसल्या. "तुमच्या तासाच्या आदल्या दिवशी मला एक चिठ्ठी आली होती. दवाखान्यातून. घरी कुणाला सांगितलं नव्हतं. जेवण जात नव्हतं, झोप नव्हती. तास बघायला कसली येतेय, नुसती बसायला आले होते." त्यांनी मूठ टेबलावर उघडली. "काल दुसऱ्या तपासणीचा निकाल आला."

तळहातावर काळं बटण होतं.

सरासरीबाईंनी त्यांचा हात बटणासकट दोन्ही हातांत धरला. दोघींचे डोळे भरून आले, पंचवीस वर्षं एका स्टाफरूममध्ये बसून पहिल्यांदाच.

"मला वाटलं, एवढं 'बहुतेक' पुरेल मला," लिटमसबाई डोळे पुसत म्हणाल्या. "आणि पुरलं. त्या रात्री झोपले मी. पण गुणांचा याच्याशी काही संबंध नाही हं!"

"माहीत आहे. असता तर तेरा दिले असते."

दोघी इतक्या हसल्या की बाहेरून कुणीतरी दारावर टकटक करून बघितलं. मग लिटमसबाई जायला उठल्या, थांबल्या आणि टेबलावरची नोंदवही त्यांनी आपल्याकडे ओढली. भेटीच्या तासाला आलेल्या विद्यार्थ्यानं तीत सही करायची असते. त्यांनी तारीख घातली, सही केली आणि पुढच्या रकान्यात, जिथं विद्यार्थी कुठल्या वर्षाचा ते लिहायचं असतं, तिथं ठळक अक्षरांत लिहिलं: पहिलं.