मयत नमूबाय, हजर!

मी एका धडधाकट, चालत्याबोलत्या आणि भरपूर भांडणाऱ्या बाईला मतदार यादीत मयत केलं. तांबड्या शाईत, खाली सही करून.

डहाणूजवळच्या आगर गावात मी बदली होऊन आलो, त्याला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. मी शाळामास्तर. मास्तराला शिकवण्याखेरीज बाकी सगळी कामं असतात. त्यातलं एक म्हणजे बीएलओ. घरोघर हिंडायचं आणि कोण अठरा वर्षांचं झालं, कोण नांदायला गेलं, कोण वारलं, हे यादीत लिहायचं. त्या दिवशी किनाऱ्यालगतच्या वस्तीत बांबूवर बोंबील वाळत होते आणि त्यांच्याखाली मीही वाळत होतो. एका घराचं दार सताड उघडं. आत कोणी नाही. समोरच्या भिंतीवर एका म्हातारीचा भला मोठा फोटो, फोटोला हार. मी उंबऱ्यातूनच हात जोडले, नाव जुळवलं, ‘नर्मदाबाई, मयत’ असं लिहिलं आणि पुढच्या घरी पाणी मागितलं.

नाव वगळायला पंचांच्या सह्या लागतात. त्या मी चहाच्या टपरीवर घेतल्या. बारा नावांचा एकच कागद होता, त्यामुळे वाचण्याच्या फंदात कोणी पडलं नाही. एक पंच तर नर्मदाबाईंचा सख्खा शेजारी. त्याने चष्मा घरी ठेवला होता आणि भजी समोर होती.

पुढे ग्रामसभेत मला वगळलेल्या नावांची यादी मोठ्याने वाचायला लावली. मी आवाज जरा गंभीर केला. मयतांची यादी ती, वर्गातल्या हजेरीसारखी वाचून कसं चालेल?

“नर्मदाबाई, मयत.”

“हजर!” बायकांच्या घोळक्यातून आवाज आला.

सभा जी हसली, ती सरपंचांनी टेबल बडवेपर्यंत. गुडघ्यापर्यंत चापून नेसलेलं लुगडं, नाकात चमकी, कमरेवर हात, अशी फोटोतली म्हातारी फोटोतून उतरून माझ्यासमोर उभी राहिली.

“काय रे मास्तर, कधी मेली मी? मला नाय कळवलं ते?”

“आजी, घरात फोटोला हार होता...”

“माझा फोटो, माझा हार! तुझं काय गेलं?”

तिची सून रंजना हिने मग खुलासा केला. तो फोटो सासूबाईंनी डहाणूच्या स्टुडिओत स्वतः जाऊन काढून घेतला होता. त्यांचं म्हणणं असं, की मेल्यावर ही पोरं आधारकार्डावरचा फोटो मोठा करून लावतील आणि त्यात मी चोर दिसते. फोटोबरोबर हारही आणला. कसा दिसतो ते बघायला म्हणून घातला, शोभला म्हणून राहू दिला.

सगळे हसत होते. नर्मदाबाईंना गाव नमूबाय म्हणे. ती मात्र हसत नव्हती. माझ्या हातातल्या कागदाकडे बघत तिने हळूच विचारलं, “म्हणजे ह्या टायमाला मला मत नाय?”

निवडणूक चार-पाच महिन्यांवर आली होती. मी म्हटलं, “देतो मिळवून.” म्हटलं खरं, पण कसं ते मलाही ठाऊक नव्हतं.

नियमाने वाट एकच निघाली. नमुना सहा, म्हणजे नवमतदाराचा अर्ज. अठ्ठ्याहत्तर वर्षांची नवमतदार! अर्जावर अंगठा उठवण्याआधी नमूबायने मला दंड ठोठावला. नाव परत येईपर्यंत दर रविवारी तिची सुक्या मासळीची पाटी मी उचलायची. “मेलेल्या बाईने ओझं उचलायचं नसतं,” ती म्हणाली. पटण्यासारखंच होतं.

त्या रविवारांनी मला हा मतदारसंघ शिकवला, एरवी तो मला नुसता यादी भाग क्रमांक म्हणून माहीत होता. डोंगराकडच्या कैनाडला ती वारली आदिवासींच्या अंगणात बसे, त्यांच्याच बोलीत सुखदुःख विचारी आणि सुकटीच्या बदल्यात भात आणि नागली घेई. चिकूच्या वाडीत गुजरातीत “केम छो शेठ” म्हणून बोंबलाची जुडी मागच्या दाराने देई. पुढच्या दाराशी शेठाणी शाकाहारी. तलासरीच्या बाजारात हायवेवरचे ड्रायव्हर आणि कारखान्यातले भय्ये आले, की तिचं हिंदी सुरू होई. त्या हिंदीला मात्र तिच्या पाटीसारखाच वास येई.

“बघ मास्तर,” एसटीच्या खिडकीशी पाटी पायात दाबून ती सांगे, “किनाऱ्याला मासळी आंबट लागते, डोंगराला तिखट, वाडीवाल्याला गोड. आणि आमदार सगळ्यांचा मिळून एक! त्याने कालवण करावं तरी कसं?”

तिला सगळ्या निवडणुका पाठ होत्या, पण सालांनी नव्हे, मासळीने. “पापलेट खंडीने आला ना, त्या टायमाला जुना पडला.” “बोंबील वादळात गेला, तवा नवीन बाई उभी होती.” गाव आधी ठाणे जिल्ह्यात होतं, मग पालघर जिल्ह्यात गेलं. कधी शिक्का होता, पुढे बटण आलं. पण एकही मतदान तिने चुकवलं नव्हतं. धाकट्या मुलाच्या वेळी दिवस भरले होते, तेव्हा मत देऊन आली आणि संध्याकाळी बाळंत झाली. उमेदवार निवडायचा कसा, हेही तिचं ठरलेलं. “वरचा चकचकाट बघू नये. माशासारखा कल्ला उघडून बघावा. लाल असला तर ताजा, काळा पडला तर सोडून द्यावा.”

मी एकदा विचारलं, “आजी, मताचं एवढं काय घेऊन बसलात? एका मताने काय होतंय?”

तिने तोंड खिडकीकडे फिरवलं. मला वाटलं, बस लागली असेल.

“पयल्या मताला सासू घेऊन गेली मला,” मग ती म्हणाली. “वाटभर सांगत होती, ह्याच्यावर शिक्का मार. सासूचं ऐकायचं, नवऱ्याचं ऐकायचं, दर्याचं ऐकायचं. पण पडद्यामागं गेली ना मी, तर सासू भायेरच! आत मी एकटी. लग्न झाल्यापासून पयली डाव एकटी. मारला मला पायजे तिथं.”

“कोणाला?”

“पेटी उघडली की कळंल.” पन्नास-पंचावन्न वर्षांपूर्वीच्या मताबद्दलही हेच उत्तर!

ते ऐकल्यावर मला माझ्या तांबड्या शाईची प्रथमच नीट लाज वाटली. तोवर मी हा किस्सा शिक्षकांच्या खोलीत रंगवून सांगत होतो.

अर्जाच्या सुनावणीला आम्ही दोघं तहसील कचेरीत गेलो. साहेब तरुण होते, कागद वाचून गोंधळले. “आजी, इतकी वर्षं नाव का नोंदवलं नाही?”

“नोंदवलेलं. मग मेली मी.” तिने माझ्याकडे बोट केलं. “ह्यानं मारली.”

“हयातीचा काही पुरावा?” साहेब सवयीने बोलून गेले.

नमूबायने मनगट थेट त्यांच्या फाइलवर ठेवलं. “नाडी बघ.”

साहेबांनी खरोखर बघितली. मग त्यांनी सही केली आणि माझ्याकडे असं पाहिलं, की पुढच्या बदलीची ऑर्डर मला तिथेच दिसली.

जानेवारीत नवमतदारांचा सत्कार झाला. नवमतदारांच्या यादीत तिचंही नाव, त्यामुळे अठरा-अठरा वर्षांच्या पोरापोरींच्या रांगेत नमूबायही. छातीला बिल्ला, हातात गुलाब, डोक्यात अबोलीचा गजरा. सूत्रसंचालन माझ्याकडेच होतं. मी विचारलं, “नवमतदार म्हणून काय वाटतं?”

माइक तोंडाला जवळजवळ चावत ती म्हणाली, “पोरांनो, मत द्यायला जावा. आणि घरात मास्तर आला तर पयले खोकून दाखवा.”

मतदानाच्या दिवशी सात वाजता केंद्र उघडलं, तेव्हा रांगेत पहिली तीच होती. मी बाहेर यादीचं टेबल मांडून बसलो होतो. तिने नाव शोधायला लावलं, त्या नावावर स्वतः बोट ठेवून बघितलं, मगच आत गेली. बाहेर आली ती शाईचं बोट माझ्या नाकाला लागेल इतकं पुढे धरून.

“बघ. मेल्यावरचं पयलं मत.”

“कोणाला दिलंत?” मी विचारलं. खोड जात नाही.

“पेटी उघडली की कळंल,” ती म्हणाली आणि लुगड्याचा काष्टा सारखा करत, सत्काराच्या दिवशीपेक्षा ताठ चालत निघून गेली.

नमूबाय मागच्या हिवाळ्यात गेली. बाजारातून आली, पाटी उतरवली, पाणी मागितलं आणि ते यायच्या आत गेली. आजारपण नाही, कोणाची सेवा नाही. ओझं शेवटपर्यंत तिचं तिनेच उचललं. अंत्ययात्रेला कैनाडहून माणसं आली, तलासरीहून आली, वाडीतले शेठही आले. एवढी मंडळी एका जागी मी फक्त मतमोजणीला पाहिली होती, आणि तिथेही त्यांचं एकमत नव्हतं.

यादीचं काम पुन्हा निघालं, तेव्हा मी त्या घरी गेलो. दार तसंच सताड उघडं. भिंतीवर फोटो मात्र बदललेला. गजरा, बिल्ला, गुलाब, आणि मागे अर्धवट दिसणारा माझा माइक धरलेला हात. फोटोला ताज्या झेंडूचा हार होता. या वेळी उंबरा ओलांडून आत गेलो, चपला काढल्या, हात जोडले. डोळ्यांत पाणी आलं, ते रंजनाला दिसू नये म्हणून मी घाईने पेन काढून यादी उघडली.

“थांबा मास्तर,” रंजना आतून धावत आली आणि मृत्यूचा दाखला तिने माझ्या यादीवर आपटला. “सासूबाई सांगून गेल्यात, मास्तरच्या डोळ्यांवर भरवसा ठेवू नको. आधी दाखला वाचायला लाव, मोठ्यानं, आणि मगच नाव खोडू दे.”